हत्याराचा जीर्णोद्धार

खंडेनवमीस सुताराने करवत आणि रंधा पुसून पाटावर मांडावा, लोहाराने घणास हळदकुंकू लावावे, आणि आमच्यासारख्या कागदावर पोट भरणाऱ्यांनी दौत-लेखणीपुढे निरांजन ओवाळावे, ही चाल आपल्या समाजात फार जुनी. आम्ही राहतो त्या हैदराबाद शहरी तेलुगू शेजाऱ्यांच्या आयुधपूजेतही हाच भाव दिसतो. आता त्या पाटावर विजेची यंत्रेही येऊन बसली आहेत. ज्याच्या योगाने घरात अन्न येते त्याचे ऋण मानावे, एवढा या पूजेचा साधा अर्थ. परंतु ऋण मानले की त्याच्या मागोमाग कर्तव्य येते. ज्या हत्याराला नवमीस फूल वाहिले ते द्वादशीस भंगारात टाकणे योग्य काय, आणि टाकावयाचे तर कोणत्या कारणास्तव, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

उदाहरणादाखल सुताराच्या हातातील बॅटरीवर चालणारे ड्रिल घेऊ. भिंतीतील विजेशी नाते न ठेवता चालणारे असे ड्रिल ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली प्रथम बाजारात आणले. पुढे कित्येक वर्षे अशा हत्यारांचा प्राण म्हणजे निकेल-कॅडमियमचे घट. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनेर याने १८९९ मध्ये शोधलेला हा घट, ज्यास कारागीर ‘सेल’ म्हणतात, सव्वा व्होल्टांहूनही किंचित कमी दाब देतो. म्हणून बारा व्होल्टांच्या हत्यारात असे दहा घट एकापुढे एक जोडून प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेले असतात; अठरा व्होल्टांस पंधरा लागतात. या दहांपैकी एक घट दुबळा झाला की तो इतरांच्या आधी रिता होतो, आणि बाकीचे नऊ त्याच्यातून उलट दिशेने वीज लोटू लागतात. एकाच्या दुबळेपणाने सारी पंगत उठते. इकडे मोटार, दातेरी चाके, पाते धरणारा जबडा, सारे शाबूत. पंधरा वर्षांच्या वापराने मूठ हाताच्या ओळखीची झालेली. धनी नवी पेटी घ्यावयास जातो तेव्हा दुकानदार सांगतो की कंपनीने या जातीची पेटी करणेच थांबविले आहे. दुसऱ्या कंपनीची पेटी बसत नाही, कारण प्रत्येकीने आपापला खाचा निराळा ठेविला आहे.

येथे उत्पादकाची बाजू ऐकून न घेता निकाल देणे आमच्या व्यवसायास शोभणार नाही. कोणत्याही कारखानदाराने एकच वस्तू कल्पांतापर्यंत करीत राहावी, अशी अपेक्षा न्याय्य नव्हे. कॅडमियम हे विषारी द्रव्य आहे. युरोपीय संघाने हातयंत्रांपुरती दिलेली सवलतही २०१६ च्या अखेरीस संपविली, आणि ती संपविण्यास सबळ कारण होते. लिथियमचे घट हलके असतात. प्रगतीने जुने मागे टाकावे यात गैर काही नाही. आमचा आक्षेप आहे तो खाच्याला. जी पेटी दुसऱ्या कोणास करता येऊ नये अशा बेताने घडविली आणि मग स्वतः करणेही सोडून दिले, तिच्यासोबत धडधाकट यंत्राचाही अंत ओढवतो. विकताना आपण यंत्र विकले, त्याच्या आयुष्याची दोरी मात्र आपल्या हाती ठेविली, असा हा व्यवहार होतो. घर विकावे आणि विहिरीचा रहाट आपल्याकडे ठेवावा, तसे हे आहे.

कायद्यास हे अगदीच उमगलेले नाही असे नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर वरिष्ठ न्यायासने गाठली गेली व दंडाच्या रकमा वादात पडल्या. पण वस्तू विकली म्हणजे तिच्या दुरुस्तीची मक्तेदारी आपसूक विक्रेत्याकडे राहत नाही, हे तत्त्व त्या निर्णयाने चर्चेत आणले. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरीविषयक नियम याहून पुढे जातो. एखाद्या जातीच्या यंत्राचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षे त्याची बॅटरी रास्त किमतीस मिळत राहिली पाहिजे, असे तो सांगतो. पाच वर्षे पुरेशी आहेत की नाहीत हा वाद निराळा. विकणाऱ्याचे कर्तव्य विक्रीच्या पावतीपाशी संपत नाही, हे त्यात मान्य झाले, हे महत्त्वाचे.

तथापि कायदा येईपर्यंत सुताराने हात जोडून बसावे काय? आपल्या शहरात तो तसा बसत नाही. कोठीवर विवेक वर्धिनीच्या बाजूने खाली उतरले की ट्रूप बाजार आणि गुजराती गल्ली लागते. पलीकडे सिकंदराबादेत राणीगंज आहे. विजेचे सुटे भाग, हत्यारे आणि लोखंडी सामान यांच्या या जुन्या पेठा. बॅटरीच्या दुरुस्तीचे काम जाणणारा कारागीर ती बंद पेटी उघडतो, मेलेले घट काढतो, त्याच मापाचे नवे घालतो आणि पेटी पुन्हा मिटवितो. पाहणाऱ्यास हे किरकोळ वाटेल. खरे पाहता यात शास्त्र आहे. दहांपैकी दोनच मेले म्हणून दोनच बदलणे चुकीचे, कारण नवे आणि जुने एका ओळीत नांदत नाहीत. सर्व घट एकाच जातीचे, एकाच क्षमतेचे व शक्यतो एकाच वेळचे हवेत. जोड डाग देऊन करू नये, कारण त्या उष्णतेने घट बिघडतो. निकेलची पट्टी विजेच्या क्षणिक ठिणगीने चिकटवावी लागते. उष्णता मोजणारा इवलासा भाग होता त्याच जागी परत बसला पाहिजे, नाहीतर चार्जरला थांबावे केव्हा हे कळत नाही.

आता मूळ तात्त्विक प्रश्नाकडे वळू. ज्याचे आतडेच बदलले ते हत्यार जुनेच म्हणावे की नवे? आपल्या देवस्थानांशी नाते राखणाऱ्या वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. सोळाव्या शतकातील त्या संकटात मूळची देवळे मागे राहिली, तरी देव बदलले असे कोणी म्हटले नाही. देवालयाचे जुने दगड, तुळया, कळस काळाच्या ओघात बदलले जातात. आमच्या शहरापासून साठेक किलोमीटरांवर यादगिरीगुट्टा येथे श्रीलक्ष्मीनरसिंहाच्या क्षेत्राचे नवनिर्माण २०१६ पासून चालले. तोवर भाविकांसाठी बालालयात पूजा चालू राहिली, आणि २८ मार्च २०२२ रोजी मुख्य मंदिर पुन्हा उघडले. भोवतालचे जवळजवळ सर्व नवे झाले, गुहेतील स्वयंभू स्थान मात्र जसेच्या तसे राखले. जीर्णोद्धाराचे रहस्य येथेच आहे. कशास हात लावावयाचा आणि कशास नाही, हे आधी ठरवावे लागते. आणि जे काढले त्याच्या जागी काय घातले, हे सर्वांसमक्ष सांगावे लागते. या दोन अटी पाळल्या तर वस्तू तीच राहते. त्या मोडल्या तर उरते ती नक्कल.

हत्यार म्हणजे देव नव्हे. उपमा याहून ताणणे बरे नाही. परंतु त्या दोन अटी येथेही तंतोतंत लागू पडतात.

पहिली अट ज्ञानाची. पुष्कळ लोक जुन्या पेटीत निकेल-कॅडमियमऐवजी लिथियमचे घट घालून घेतात. अठरा व्होल्टांसाठी पंधराऐवजी पाचच घट पुरतात, वजन उतरते, जोर वाढतो. पण प्राण बदलला की आचारही बदलावा लागतो. जुना चार्जर लिथियमसाठी नाही. तो त्यास प्रमाणाबाहेर भरीत राहील, आणि असा घट नुसता बिघडून थांबत नाही, तो पेट घेतो. प्रत्येक घटावर पहारा ठेवणारी संरक्षक चकती आत हवी आणि चार्जर निराळा हवा. हे न जाणता जो पेटी उघडतो त्यास तिचा अधिकार नाही, मग त्याचे हात कितीही कुशल असोत. अधिकार हा शब्द आपल्या परंपरेत हक्कापेक्षा योग्यतेच्या अर्थाने अधिक वापरला गेला आहे, याचे येथे स्मरण ठेवावे.

दुसरी अट सत्याची. बंद पेटीच्या आत काय आहे हे गिऱ्हाइकास दिसत नाही. या धंद्यातील सारा मोह तेथेच दडलेला आहे. टाकून दिलेल्या लॅपटॉपमधले वापरलेले घट नव्या वेष्टनात गुंडाळून भरले तर पहिले काही दिवस फरक जाणवतही नाही. जुना दागिना दुरुस्तीस आला असता सोनार त्यातील सोने कोणकोणत्या रीतींनी काढून घेतो, त्याची यादीच कौटिल्याने अर्थशास्त्रात दिली आहे. दोन हजार वर्षांत माल बदलला, मोह तोच राहिला. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत निक्षेप हे एक आहे, आणि १८७२ च्या करार कायद्यातही दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूची काळजी स्वतःच्या वस्तूप्रमाणे घेण्याचा दंडक आहे. दुरुस्तीस दिलेली पेटी ही ठेवच होय.

याच ठिकाणी हक्काची दुसरी बाजू पुढे येते. हानीच्या वेळी वस्तूत फेरफार झालेला असेल तर तिच्या विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही, असे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ८७ सांगते. वस्तूसंबंधी सेवा देणाऱ्याचे दायित्व कलम ८५ मध्ये सांगितले आहे. म्हणजे पेटी उघडणाऱ्याने उत्पादकाचे आसन घेतले, तेव्हा त्या आसनाचा भारही त्याच्या शिरी आला. आम्हास हे अन्यायाचे वाटत नाही. उत्पादकाने टाकून दिलेले कर्तव्य दुसरा उचलतो, तेव्हा त्याने ते पुरतेपणी उचलावे. दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्यांनी दुरुस्तीचे उत्तरदायित्व नाकारले, तर त्यांच्यात आणि पेटी बंद करून निघून गेलेल्या कारखानदारात अंतर ते काय उरले?

राहिले ते मेलेले घट. भंगलेल्या मूर्तीचे आपण जळात विसर्जन करतो. या घटांचे विसर्जन जळात करणे हे घोर पाप होईल. जपानात जिंझू नदीच्या पाण्यातून खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि हाडे मोडणाऱ्या इताई-इताई रोगाने माणसे तळमळली. त्याचे कारण कॅडमियम असल्याचे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले घट परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि ते इतर केरात न मिसळण्याची ग्राहकावर. मुशीच्या काठी राहणाऱ्यांस नदीची अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रत्येक जुने हत्यार राखलेच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. मोटार झिजली असेल, प्लास्टिक तडकले असेल, किंवा जाणता कारागीर मिळत नसेल, तर त्याला निरोप द्यावा. मोहाने मढे सांभाळण्यास धर्म म्हणत नाहीत. नव्याची किंमत दुरुस्तीहून थोडीशीच अधिक असते, असाही युक्तिवाद ऐकू येतो. रोजंदारीवर जगणाऱ्या सुतारास ते ‘थोडेसे’ किती दिवसांच्या मजुरीचे होते, हे त्यालाच विचारावे. आणि धडधाकट यंत्र कचऱ्यात गेल्याची किंमत कोणाच्याच पावतीवर लिहिलेली नसते, हेही ध्यानी घ्यावे.

तेव्हा पेटी दुरुस्तीस देताना धन्याने तीन गोष्टी विचाराव्या: आत कोणते घट घालणार, चार्जर जुनाच चालेल काय, आणि काढलेले घट कोठे जाणार. ज्यास या तिन्हींची सरळ उत्तरे देता येतात, त्याच्या हाती ते हत्यार निःशंकपणे सोपवावे, आणि त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये.