एकाहत्तराव्या युनिटचे प्रामाण्य

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे कमी फीमध्ये शिकावे आणि मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्षाला दाखल व्हावे, ही वाट १९६०च्या मास्टर प्लॅनने पक्की केली. या वाटेवर एक नाका आहे. पदवीच्या पहिल्या टप्प्यातल्या अभ्यासक्रमांची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट विद्यापीठ हिशेबात धरते. ८५ मिळवली असली तरी मोजायची ७०च. आपल्याकडे, विद्यार्थ्याने निरनिराळ्या संस्थांत मिळवलेली क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या २०२१च्या नियमांनी हीच गोष्ट उलट बाजूने सांगितली: पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मी क्रेडिट मिळवलीच पाहिजेत. वरवर हा कारकुनी मामला वाटतो. पण सत्तरावे युनिट ज्ञान आणि एकाहत्तरावे नाही, असे कशाच्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न थेट प्रमाणशास्त्रात जातो.

भारतीय दर्शनांत यावर शतकानुशतके वाद झाला. कुमारिलाच्या परंपरेतले मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात: झालेले ज्ञान खरेच धरायचे, त्याला बाधक असे दुसरे ज्ञान पुढे येईपर्यंत किंवा ते ज्या साधनातून झाले त्यात दोष सापडेपर्यंत. नैयायिकांना हे पटत नाही. दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे पिऊन तहान भागली की कळते. प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीतून सिद्ध होते. विद्यापीठाने यातला कोणताही पक्ष घ्यावा, कमाल मर्यादेला आधार मिळत नाही. मीमांसकाच्या बाजूने गेले तर कॉलेजात दोष दाखवल्याशिवाय त्याचे क्रेडिट नाकारता येणार नाही, आणि दोष असलाच तर तो पहिल्या युनिटलाही लागू होतो. नैयायिकाच्या बाजूने गेले तर परीक्षा घ्यावी लागेल: या विद्यार्थ्याला पुढचे गणित जमते का, ते पाहावे लागेल. मर्यादा यातले काहीच करत नाही, ती फक्त मोजते.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो नैयायिकाच्याच पोतडीतून निघतो. पदवी म्हणजे ज्ञान नव्हे, ज्ञानाबद्दलची साक्ष, म्हणजे शब्दप्रमाण. न्यायभाष्यकार वात्स्यायनाच्या मते आप्त, म्हणजे विश्वासार्ह सांगणारा, तोच, ज्याने सांगण्याची गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे. मग ज्याचे बहुतेक शिक्षण आपण पाहिलेच नाही त्याच्याबद्दल विद्यापीठाने आपल्या शिक्क्यानिशी ग्वाही कशी द्यावी? हा आक्षेप मला मान्य आहे. साक्षीदाराने काही तरी डोळ्यांनी पाहिलेले असावे, ही अट रास्तच. पण ती साक्षीदारावरची अट आहे, विद्यार्थ्याच्या ज्ञानावरचा निवाडा नव्हे. ‘आमच्याकडे एवढे शिक’ म्हणण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे. ‘तू शिकलास ते पुन्हा शिक’ म्हणण्याचा नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमाला हा भेद कळलेला दिसतो: सत्तरच्या वरची युनिट बेरजेत येत नाहीत, पण त्यांतले विषय आवश्यक अभ्यासक्रम पूर्ण झाल्याच्या खात्यात धरले जातात. मोजदाद थांबते, ज्ञान नाकारले जात नाही. सगळीकडे इतका विवेक नसतो. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली, असा अंदाज तिथल्या संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१७ साली मांडला. हे सारे कमाल मर्यादेमुळे झाले असे नव्हे. पण दुसऱ्याकडे शिकलेले मुळातच संशयित, ही वृत्ती दोन्हींमागे आहे.

दर्जाचा मुद्दा मी लहान मानतो. कॉलेजांचा दर्जा सारखा नसतो हे खरे, पण त्यावर उपाय तपासणीचा आहे, संख्येचा नाही. कच्च्या कॉलेजातली ७० युनिट पक्क्या कॉलेजातल्या ९०पेक्षा भरवशाची ठरत नाहीत.

आपल्या नियमांतली निम्म्याची अट साक्षीच्या न्यायाने टिकते. त्याच नियमांतली, क्रेडिट कमाल सात वर्षेच वैध, ही अट टिकत नाही. ज्ञान विसरले जाते, म्हणून मुदत हवी, असे म्हणावे तर मग ती पदवीलाही लावावी लागेल. तीस वर्षांपूर्वीच्या बी.एस्सी.ला कोणी शिळी म्हणत नाही. आणि साक्ष म्हणावी, तर पाहिलेली गोष्ट सात वर्षांनी न पाहिलेली होत नाही. जिथे विषयच झपाट्याने बदलतो तिथे तेवढ्यापुरती परीक्षा घ्यावी. बाकी सर्वांसाठी ही मुदत काढून टाकावी. नोकरीसाठी किंवा घरच्या अडचणीसाठी मध्येच शिक्षण सोडलेल्यांना पुन्हा दार उघडावे म्हणूनही ही बँक काढली आहे, आणि त्यांनाच सातपेक्षा जास्त वर्षे लागतात.