धंदा कोणता, हे कोणी ठरवायचे?

पिठाची गिरणी हा कारखाना आहे. गिरणीवाला स्वतःला कारखानदार म्हणवून घेणार नाही. तो दळण दळून देतो, किलोमागे पैसे घेतो; धान्य गिऱ्हाइकाचे, पीठही गिऱ्हाइकाचेच. पण राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या लेखी धान्य दळणे हे वस्तुनिर्माण आहे, आणि ते मजुरीवर केले म्हणून त्याचा वर्ग बदलत नाही. माप घेऊन कपडे शिवणारा शिंपीही त्याच वर्गात बसतो. त्याच्या शेजारचा, तयार कपडे आणून विकणारा, किरकोळ व्यापारात जातो. पाटी दोघांचीही 'अमुक कलेक्शन' अशीच. आर्थिक गणनेचा प्रगणक या दोन दारांत काय विचारतो आणि काय लिहून घेतो, त्यावर देशात उत्पादन किती आणि व्यापार किती, हे ठरत असते.

आपल्याकडे पहिली आर्थिक गणना १९७७ साली झाली. निदान एक पगारी माणूस असलेल्या बिगरशेती आस्थापनाच तेव्हा मोजल्या गेल्या. पुढच्या गणनांनी, १९८०, १९९०, १९९८, २००५ आणि २०१३ साली, एकट्याने धंदा करणाऱ्यालाही धरले. सहाव्या गणनेत देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना निघाल्या आणि त्यांत काम करणारे १३ कोटींच्या वर. महाराष्ट्राचा वाटा ६१ लाखांहून अधिक, उत्तर प्रदेशाखालोखाल. हे आकडे वर्तमानपत्रांत येतात, भाषणांत येतात. यांतल्या प्रत्येक आस्थापनेपुढे एक छोटा संकेतांकही लिहिलेला असतो. त्याची चर्चा कोणी करत नाही, आणि माझ्या मते मोजणीत सगळ्यांत जास्त गफलत तिथेच होते.

सहाव्या गणनेचा आधार असलेले २००८ चे वर्गीकरण संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेले आहे. त्यात २१ विभाग आहेत, आणि शाखाउपशाखा फुटत फुटत शेवटच्या पाच आकडी पायरीवर १,३०४ कप्पे. हे पुस्तक वाईट नाही. उलट त्यामागे बराच विचार आहे. एकाच जागी दोन-तीन कामे चालत असतील तर मुख्य कोणते, मिळकत पाहायची की उलाढाल की माणसे, याचे नियम त्यात आहेत. प्रश्न असा की १,३०४ कप्प्यांतला नेमका एक निवडण्याचे काम रस्त्यावर उन्हात उभ्या असलेल्या प्रगणकाने करायचे, की त्याच्याशी बोलायला फुरसत नसलेल्या दुकानदाराने?

सहाव्या गणनेने यावर सोपा मार्ग काढला आणि तीनच आकडी संकेतांक घेतला. त्याने काय झाले ते इचलकरंजीच्या उदाहरणावरून कळेल. सूतकताई, विणकाम आणि कापडावरची पुढली प्रक्रिया, या तिन्हींचा तीन आकडी संकेतांक एकच आहे: १३१. म्हणजे सूतगिरणी, चार मागांचा खर्चीवाला आणि रंगाई करणारे प्रोसेस हाउस हे तिघे एकाच रकान्यात. यांची दुखणी वेगळी आहेत. सुताचा भाव वाढला तर सूतगिरणीला बरे वाटते आणि कापड व्यापाऱ्याला वाईट. व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्या खर्चीवाल्याला भावाशी थेट देणेघेणे नाही, त्याला मजुरीचा दर आणि विजेचे बिल मारते. प्रोसेसवाल्याला सांडपाण्याचे नियम. एका आकड्यात तिघांना बांधल्यावर त्या आकड्याकडे बघून कोणासाठी धोरण आखणार? चौथा आकडा घेतला असता तर हे तिघे वेगळे झाले असते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८७ च्या आपल्या वर्गीकरणात सुती कापडापुरते खादी, हातमाग, यंत्रमाग आणि गिरणी यांना वेगवेगळे क्रमांक होते. १९९८ साली वर्गीकरण आंतरराष्ट्रीय चौकटीला जुळवून घेतले. काम यंत्राने होते की हाताने, हा भेद ती चौकट मानत नाही. जगाशी तुलना करायची तर ते बरोबरच आहे. पण येवल्यात हातमागावर विणलेली पैठणी आणि यंत्रावर निघालेली पैठणी त्यामुळे एकाच उपवर्गात येतात, आणि ज्या देशात हातमागाला कायद्याने राखीव संरक्षण दिले आहे, तिथे तो भेद संकेतांकातूनच पुसला गेला. मग हातमागांची वेगळी गणना करावी लागते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. दारोदार फिरण्याची आता गरजच काय? कंपन्यांची नोंदणी आहे, जीएसटी आहे, छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी आहे. धंदे स्वतःच आपला संकेतांक सांगतात. याचे पहिले उत्तर साधे आहे. सहाव्या गणनेतल्या दहांपैकी सात आस्थापनांत एकही पगारी माणूस नव्हता. मालाच्या व्यवहारात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. ही बहुसंख्य माणसे त्या याद्यांत नाहीतच.

दुसरे उत्तर जास्त गंभीर आहे. ज्या याद्या आहेत, त्यांतला संकेतांक धंद्याचे वर्णन म्हणून दिलेला नसतो. कंपनीच्या २१ अक्षरी नोंदणी क्रमांकात दुसऱ्या ते सहाव्या जागेवर उद्योगाचा संकेतांक असतो. तो कंपनी जन्माला येताना ठरतो. पुढे तिने सॉफ्टवेअर सोडून जमिनी विकायला घेतल्या तरी तो अनेकदा तसाच राहतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४ व्या फेरीत, २०१६-१७ साली, सेवा क्षेत्रातल्या कंपन्या कंपनी नोंदणीच्या यादीवरून शोधायला गेल्यावर एक तृतीयांशाहून अधिक एकतर सापडल्या नाहीत, बंद होत्या, किंवा भलताच धंदा करत होत्या. हे २०१९ मध्ये बाहेर आले तेव्हा वाद पेटला. सरकारने खुलासा केला की एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या अंदाजाला यामुळे बाधा येत नाही. तो मान्य केला, तरी त्या एकूणात सेवा किती आणि वस्तुनिर्माण किती, ही वाटणी शाबूत राहते असे म्हणता येत नाही.

उद्यम नोंदणीची तऱ्हा आणखी निराळी. जुलै २०२० पासून ती स्वयंघोषणेवर चालते. आरंभी व्यापारी तिच्या बाहेर होते. जुलै २०२१ मध्ये त्यांना आत घेतले, पण फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरते. म्हणजे संकेतांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवर, ४५, ४६, ४७ आहेत की दुसरे काही, कोणत्या सवलती मिळणार हे अवलंबून. अशा वेळी सायबर कॅफेत बसून अर्ज भरणारा एजंट कोणता कप्पा निवडेल? तो अप्रामाणिक असतो असे नाही. सरकारने 'तू काय करतोस?' आणि 'तुला काय हवे?' हे दोन प्रश्न एकाच रकान्यात विचारले, तर त्याने दुसऱ्याचे उत्तर दिले एवढेच.

म्हणून गणनेचा प्रश्न सवलतीपासून तुटलेला हवा, आणि उत्तर संकेतांकात नव्हे, शब्दांत घ्यायला हवे. काय आणता, त्याचे काय करता, कोणाला देता, आणि जास्त पैसे कशातून सुटतात. 'व्यापाऱ्याचे सूत घेऊन मीटरमागे मजुरीने कापड विणतो' ही ओळ प्रगणकाने जशीच्या तशी उतरवावी आणि संकेतांक नंतर, शिकलेल्या माणसाने द्यावा. यंत्राची मदत जरूर घ्यावी. वर्णनावरून संकेतांक सुचवणारी साधने आता आहेत. खर्च वाढेल, हे खरे. पण वर्गीकरण दर काही वर्षांनी बदलते. १९७०, १९८७, १९९८, २००४, २००८ अशी आवर्तने झाली, आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची पाचवी आवृत्तीही संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारली आहे. नुसता आकडा जपला तर जुनी गणना नव्या चौकटीत नीट बसवता येत नाही, कारण १३१ चे तुकडे मागाहून करता येत नाहीत. वाक्य जपले तर कधीही करता येतात.

याचा सगळ्यांत जास्त फायदा बायकांच्या कामाला होईल. सहाव्या गणनेत बायकांच्या मालकीच्या आस्थापना सुमारे ८० लाख, म्हणजे एकूण आस्थापनांच्या चौदा टक्क्यांच्या आत. घरात आणखी कोणी काही करते का, या प्रश्नाला दारातला पुरुष 'नाही, ती घरीच असते' म्हणतो, आणि आत दहा डब्यांचा स्वयंपाक चाललेला असतो. 'कप्पा निवडा' म्हटल्यावर तो स्वयंपाक कुठेच दिसत नाही. 'कोणासाठी काय बनवता?' असे तिलाच विचारले तर दिसतो.

सातवी गणना २०१९ मध्ये मोबाइल अ‍ॅपवर सुरू झाली. माणसे दारोदार फिरली, लोकांनी वेळ काढून उत्तरे दिली. तिचा अहवाल मात्र प्रसिद्ध झाला नाही. जी माहिती छापायची नाही ती गोळा करणे हा लोकांच्या वेळेचा अपमान आहे, आणि आठवी गणना सुरू करण्याआधी सरकारने याचे उत्तर दिले पाहिजे. वाचकांपैकी ज्यांचा काही धंदा आहे त्यांना एवढीच विनंती: प्रगणक आला तर 'दुकान आहे' म्हणून त्याला वाटेला लावू नका. नेमके काय करता ते दोन वाक्यांत सांगा, आणि त्याने तेच लिहिले का, हे त्याच्या पडद्यावर वाचून बघा.