घर बांधले, पण पैसे दिले का?



एलूल महिन्यात आपण 'की तेत्से' ही पाराशा वाचतो. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो, अशी तिच्यात आज्ञा आहे. ही आज्ञा फक्त रोजंदारीच्या मजुरापुरती नाही. शुल्हान आरूखच्या निर्णयाप्रमाणे ठराविक काम अंगावर घेणाऱ्या कारागिरालाही ती लागू आहे. म्हणजे आपले घर दुरुस्त करणारा कंत्राटदारही तिच्यात आला.

त्याची स्थिती पाहा. सिमेंट, लोखंड, फरशी तो आधी आणतो. मजुरांचा पगार पुढच्या महिन्याच्या ९ तारखेपर्यंत दिला नाही, तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे तो थकविलेला पगार ठरतो. या थकबाकीला हिब्रूत 'हलानत सखार' म्हणतात. तो शब्द तोरातील 'लो तालीन' या आज्ञेतूनच आला आहे. इकडे गिऱ्हाईक मात्र 'शोतेफ प्लुस साठ' म्हणून मोकळे होते. महिना संपायचा, त्यावर साठ दिवस जायचे, आणि मग चेक! मधले दिवस कंत्राटदार बँकेच्या उचलीवर काढतो आणि त्याचा थोडासा नफा व्याजात जातो. त्याचे चेक परत जातात, त्याच्यामागे सुतार, प्लंबर, रंगारी खोळंबतात. हाती भरपूर काम असूनही असा माणूस बुडू शकतो.

२०१७ साली इस्राएलात पुरवठादारांचे पैसे वेळेवर देण्याचा कायदा झाला. पण कायद्याच्या पुष्कळ आधी आपल्या नबींनी हा न्याय सांगितला आहे. योशियाहू राजाने बेथ हामिकदाशची दुरुस्ती काढली, तेव्हा सुतार, गवंडी यांच्यासाठी पैसे सरळ कामावरच्या माणसांच्या हाती दिले. ती माणसे प्रामाणिक होती म्हणून त्यांच्याकडे हिशेबही मागितला नाही. त्याचाच मुलगा येहोयाकीम. त्याने गंधसरूच्या लाकडाचा, मोठ्या खिडक्यांचा महाल बांधला आणि राबणाऱ्यांची मजुरी बुडविली. यिर्मियाहू नबीने त्याला त्याच्या बापाची आठवण देऊन धिक्कारिले. बाप आणि मुलगा दोघांनीही बांधकाम केले. फरक फक्त पैसे देण्यात होता.

आपले रब्बी असेही सांगतात की, देणाऱ्याजवळ खरोखरच पैसे नसतील, किंवा कारागिराने मागितलेच नसतील, तर ही आज्ञा मोडल्याचा दोष लागत नाही. पण तो का मागत नाही, याचा आपण विचार करावा. पुढचे काम हातचे जाईल, ही भीती त्याला गप्प बसविते. त्या भीतीचा आपण फायदा घ्यावा काय? कामात खोट असेल तर तेवढ्यापुरती रक्कम मागे ठेवावी, बाकीची द्यावी.

योम किप्पूर परमेश्वराविरुद्धच्या पापांची क्षमा आणतो. पण शेजाऱ्याचा अपराध शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय धुतला जात नाही, असे मिश्ना शिकविते. म्हणून सलिहोथच्या या दिवसांत आपण टेबलाचा खण उघडून राहिलेली बिले पाहू या. सिनेगॉगच्या कमिट्यांनीही आपली दुरुस्तीची बिले पाहावीत. ज्या भिंतीचे पैसे चुकते झाले, त्या भिंतीआड केलेली प्रार्थना परमेश्वर ऐको. आमेन.