फवारा कोणाच्या अंगावर?

पऱ्हाटीवर पडलेली कीड मारावी कीं नाहीं, असें वऱ्हाडांतील शेतकऱ्यास पुसलें तर तो हंसेल. ज्या पिकावर मुलांची भाकर अवलंबून, तें वांचविणें त्याचें कर्तव्यच होय. औषध मारणें हेंच पाप, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न निराळा आहे: लाभ एकास आणि विष दुसऱ्यास, हा न्याय होईल काय?

सन २०१७ चा खरीप स्मरा. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. बोंडअळीच्या भयानें दोन-तीन विषें एकत्र करून फवारलीं, आणि फवारा तोंडावर आला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत वीसांहून अधिक माणसें मेलीं, शेंकडों रुग्णालयांत गेलीं. त्यांत रोजानें पंप पाठीवर घेणारे मजूर पुष्कळ होते.

कोणी म्हणेल, मजूर खुशीनें येतो. परंतु ज्याची चूल पेटावयाची आहे, त्याच्या होकारास खुशी कसें म्हणावें?

मग करावें काय? कामगंध सापळे लावावे. एका सापळ्यांत लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सांपडले, तर औषधाचा विचार करावा. फरदड न ठेवतां डिसेंबरअखेर शेत मोकळें करावें, म्हणजे अळीस आसरा उरत नाहीं. फवारणें भागच पडलें, तर एकच औषध मोजून घ्यावें, तोंड व हात झांकावे, वाऱ्याकडे पाठ करावी.

आणि मालकानें स्वतःस पुसावें: हा पंप मी माझ्या मुलाच्या पाठीवर दिला असता काय? नसेल, तर शेजाऱ्याच्या मुलाच्या पाठीवरही तो देऊं नये.