मुक्या जिवाचा विश्वास

मागल्या आषाढातली गोष्ट. बेळगावात पाऊस लागला की आठ आठ दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. अशाच एका रविवारी उपासना संपल्यावर शब्बाथशाळेची मुले धावत आली. मंदिरामागे रचून ठेवलेल्या कौलांच्या आडोशाला मांजराची तीन पिले होती. आम्ही मुलांना दूर थांबवले. मांजरी पोटासाठी बाहेर जाते, माणसांची गर्दी पाहून परत येत नाही, आणि दयाळू माणसांच्या हातूनच पिले पोरकी होतात. म्हणून वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत आई आली नाही, तेव्हा पिले टोपलीत घालून घरी आणली.

पहिली चूक आमची अशी झाली की, वाटीभर दूध पुढे ठेवले. पिलांची पोटे बिघडली. गाई-म्हशीचे दूध मांजराच्या पिलांना बहुधा पचत नाही, हे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. मग उकडलेली मासळी कुस्करून व स्वच्छ पाणी देऊ लागलो. दोन पिले चार-पाच दिवसांत मांडीवर येऊन बसली. तिसरी, करडी, मात्र कपाटाखालून हलेना. पिलू दोन ते सात आठवड्यांचे असते तोवर माणसाचा हात त्याच्या अंगवळणी सहज पडतो. तो काळ सरला की फार धीर धरावा लागतो, असे जाणकार सांगतात. करडीचा तो काळ बहुधा सरत आला होता.

आम्ही जमिनीवर बसायला शिकलो. उभा माणूस तिला डोंगराएवढा दिसत असेल. तिच्याकडे टक लावून न पाहता डोळे सावकाश मिटायचे व उघडायचे. असे केल्याने मांजर जवळ यायला धजते, हे इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली प्रयोगाने दाखवले आहे. ताटली रोज वीतभर पुढे सरकवायची. दार मात्र उघडे ठेवायचे. नवव्या दिवशी तिने आमच्या देखत खाल्ले. घरात त्या दिवशी सण वाटला.

बाराव्या दिवशी तिचे डोळे चिकटले. डॉक्टर म्हणाले, घेऊन या, नाहीतर दृष्टी जाईल. हाती तर ती लागत नव्हती. तेव्हा तीच ताटली पुढे ठेवली, आणि ती खाण्यात गुंतली असता वरून टोपली टाकली. डोळे वाचले. पण पुढे सतरा दिवस ती आमच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, आणि त्या ताटलीला तर तिने पुन्हा कधीच तोंड लावले नाही. शेवटी ताटली बदलावी लागली.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अहो, मुक्या जनावराला फसवणूक ती काय कळणार? तुम्ही तिचं भलंच केलंत ना?" पण शब्बाथशाळेतल्या एका मुलीने वेगळाच प्रश्न टाकला. "खोटं बोलू नये असं तुम्ही आम्हांला शिकवता. मग जेवण दाखवून टोपली टाकणं हे खोटं नव्हतं का?" आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या सहासष्ट पुस्तकांच्या पवित्र शास्त्रात मांजराचा उल्लेख कोठेही नाही. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथानाने दाविदाला सांगितलेली एका मेंढीची गोष्ट आहे. ती गरिबाच्या घासातला घास खात असे व त्याच्या उराशी निजत असे. श्रीमंताने तिला मारले हे ऐकून दावीद संतापला. त्याला केवळ चोरीचा राग आला असेल काय? माणसाच्या हातचे खाऊन निर्धास्त झालेल्या जिवाचा घात झाला, ही गोष्ट कोणाच्याही काळजाला झोंबते. खाऊ घालणारा हात म्हणजे एक अबोल वचन आहे. ते ओठांनी दिलेले नसले तरी मोडता येते.

माणसाची तुलना मांजराशी करू नये, हे आम्ही जाणतो. तरीही भय व अन्न यांचा संबंध सर्वत्र सारखाच असतो. 1897 साली पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुलींना आश्रय दिला, तेव्हा काही मुलींच्या मनात अशी धास्ती होती की, या बाई आपल्याला खाऊ घालून पुष्ट करतील आणि मग उलटे टांगून आपल्या डोक्यातून तेल काढतील. रमाबाई त्यांच्यावर रागावल्या असत्या, तर ते भय खरेच ठरले असते. घास घेतला म्हणून विश्वास बसला असे होत नाही. भूक लागली की कोणीही घास घेतो. पळून जाण्याची वाट मोकळी असताना जो थांबतो, त्याने विश्वास ठेवला असे म्हणावे. आपला प्रभूदेखील दाराशी उभा राहून ठोठावतो. दार मोडून आत शिरत नाही.

मग टोपली टाकली हे चुकले काय? तशी वेळ पुन्हा आली तर आम्ही पुन्हा टाकू. डोळा गमावण्यापेक्षा रुसवा बरा. पण त्या मुलीला आम्ही असे सांगितले, "होय, ती फसवणूकच होती. तिच्या भल्यासाठी केली म्हणून तिचे नाव बदलत नाही. तिची किंमत मात्र आम्ही भरली पाहिजे, करडीने नव्हे." किंमत ती हीच: सतरा दिवस पुन्हा जमिनीवर बसणे, तिच्या रागाला कृतघ्नपणा न म्हणणे, आणि 'तुझ्यासाठी इतके केले' हे शब्द तोंडी न आणणे.

आईबापांनो, शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्यालाही कधी कधी टोपली टाकावी लागते. मूल विश्वासाने काही सांगते आणि त्याच्या हितासाठी ते दुसऱ्याच्या कानी घालावे लागते. अशा वेळी गोड बोलून वेळ मारून नेऊ नये. आपण होऊन त्याला खरे सांगावे, आणि ते पुन्हा जवळ येईपर्यंत थांबावे. खाऊची पुडी दाखवून ते जवळ आले, तर ते पुडीसाठी आले असे समजावे.

मोठी दोन पिले ओळखीच्या घरी गेली. करडी आमच्याकडेच राहिली. डॉक्टरांकडून तिची शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे कौलांच्या ढिगात आणखी पोरकी पिले नकोत. त्या वेळीही टोपली लागलीच, आणि पुन्हा जमिनीवर बसावे लागले. आता संध्याकाळच्या प्रार्थनेला ती येऊन बसते, हातभर अंतर राखून. मांडीवर ती कधी आली नाही, बहुधा येणारही नाही. दार उघडे असते, आणि ती बसलेली असते. एवढे आम्हांला पुरे आहे.