शब्दार्थाचा अधिकार

इंग्रजीतील कठीण शब्द व त्यांचे अर्थ वहीत उतरवून, ते मुखोद्गत करून स्पर्धापरीक्षेस सिद्ध होणारे विद्यार्थी धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथे आज घरोघरी आढळतात. त्यांचे परिश्रम आदरास पात्र आहेत, परंतु त्यांतून जो प्रश्न उपस्थित होतो तो आपल्या दर्शनकारांस फार पूर्वीच पडला होता. शब्दाचा अर्थ पाठ होणे म्हणजे तो कळणे काय?

शब्द आणि अर्थ यांचा संबंध मीमांसकांनी नित्य मानला, नैयायिकांनी संकेतजन्य मानला; पण बालकास तो संबंध प्रथम कसा उमगतो, याविषयी दोघांचे निरीक्षण जुळते. एक वडीलधारा दुसऱ्यास ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा ती आणतो; पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये कानी पडत जातात, आणि कोणता शब्द कशाचा वाचक, हे जवळ उभे असलेले मूल आपोआप निवडून घेते. यासच वृद्धव्यवहार म्हणतात. न्यायपरंपरेने अर्थबोधाची जी आठ साधने सांगितली त्यांत कोशही आहे, परंतु मूळ ग्रहण व्यवहारातूनच होते.

याची साक्ष धाराशिव जिल्ह्याचा इतिहास देतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. सरकारदरबारी उर्दू चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच मिळे. तरीही जमाबंदी, दस्तऐवज, फिर्याद, जामीन, वारस हे शब्द निरक्षर कुणब्यास कोणत्याही कोशाने शिकविले नाहीत. कचेरीच्या ओट्यावर ताटकळताना आणि जमिनीचा कज्जा लढताना ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या जिभेवर रुळले.

म्हणून पाठांतरास व्यर्थ ठरविणे मात्र अन्यायाचे होईल, कारण ज्याच्या घरी इंग्रजीचा व्यवहारच नाही त्यास कोशावाचून आश्रय कोणता? शिवाय अनेकदा शब्द परका असला तरी अर्थ घरचाच असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. ज्यांनी तेथे पुन्हा संसार उभे केले त्यांच्या नातवास यादीत ‘रेझिलियन्स’ हा शब्द भेटतो, तेव्हा त्याचा आशय त्याच्या आजीने आधीच जगून दाखविलेला असतो. उणीव असते ती या दोहोंची गाठ घालून देणाऱ्या गुरूची.

तेरच्या संत गोरा कुंभार ऊर्फ गोरोबाकाकांनी संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून कच्चे-पक्के पारखले व नामदेवांस कच्चे ठरविले, अशी कथा आहे. नामदेव तेव्हा मानापमान बाजूस ठेवून विसोबा खेचरांस शरण गेले. पाठ केलेल्या शब्दाचीही परीक्षा अशीच निष्ठुर असावी: त्याच्या योगे मला माझ्या जीवनातील एखादे सत्य सांगता येते काय? येत नसेल, तर तो शब्द अजून माझा नव्हे. आणि कमी शिकलेल्यास गप्प करण्यासाठी तो वापरला, तर ती विद्या नसून हिंसा होय.

जिल्ह्यातील शिक्षकांस माझी विनंती आहे की, प्रत्येक नव्या इंग्रजी शब्दाबरोबर विद्यार्थ्याकडून आपल्या गावाविषयी एक वाक्य लिहून घ्यावे, आणि त्यातील व्याकरण तपासण्यापूर्वी ते वाक्य खरे आहे की नाही, हे पाहावे.