पानाआडचा आवाज

लोणंद स्टेशनातून रात्रीची गाडी निघून जाते, कांद्याच्या बाजाराचा दिवसभराचा गलबला शमतो आणि आसपासच्या शेतांतून रातकिड्यांची किरकिर ऐकू येऊ लागते. आपण तिला रात्रीची शांतता म्हणतो. वस्तुतः ती विनवणी असते. गाणारा असतो नर. पुढचे पंख एकमेकांवर घासून तो मादीला साद घालतो. या कष्टाला पुष्कळ शक्ती लागते. म्हणून मोठा आवाज हा बहुधा सुदृढ देहाचा दाखला ठरतो आणि मादी त्या आवाजाकडे वळते.

पण हा दाखला नेहमी खरा असतो काय? दक्षिण भारतात झुडपांवर राहणारा ‘इकॅन्थस हेन्राय’ नावाचा एक नाजूक रातकिडा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली त्याच्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. या जातीतील काही नर पानाला मधोमध भोक पाडतात, त्यात पंख बसवतात आणि गातात. त्यामुळे आवाज कितीतरी मोठा होतो. ही युक्ती करतात ते मुख्यतः लहान चणीचे आणि क्षीण आवाजाचे नर. तिच्या बळावर ते धिप्पाड नरांच्या बरोबरीने माद्यांना आकर्षित करू शकतात.

ही फसवणूक म्हणावी काय? घाईने निवाडा करू नये. पंखाच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या ध्वनिलहरी कडेशी एकमेकींना मारक ठरतात. पान मध्ये आले की हा नाश टळतो. म्हणजे पान त्याला दुसऱ्याचा आवाज देत नाही. त्याचाच आवाज वाया जाऊ देत नाही, इतकेच. असत्य तो उच्चारत नाही. मात्र ऐकणारी त्यावरून भलताच अर्थ काढते आणि त्याचा लाभ त्याला मिळतो.

किड्याला हेतू नाही, म्हणून दोषही नाही. आपली गोष्ट निराळी. स्थळ पाहायला येणाऱ्यांसमोर शेजाऱ्याची मोटार दारात उभी केली जाते. ती आमची आहे, असे कोणीच म्हणत नाही. पाहुणे तसे समजतात आणि आपण चहाचा पेला पुढे करतो. दुसऱ्याचा गैरसमज ठाऊक असून त्याचा लाभ घेणे, हे न बोललेले असत्यच होय.

परंतु दोषाचा वाटा ऐकणाऱ्याकडेही जातो. जेथे मोठ्या आवाजालाच मान मिळतो, तेथे दुबळ्याने पान शोधले तर नवल कसले? त्याला आपले म्हणणे ऐकू जावे, एवढीच आस असेल, तर ते पान त्याच्या हातून हिसकावण्याचा अधिकार आपल्याला नाही. लोणंदच्या बाजारात जाणता गिऱ्हाईक गोणीच्या तोंडाशी दिसणाऱ्या कांद्यावर भुलत नाही. तो हात आत घालून पाहतो. माणसे पारखताना मात्र आपण बहुधा आवाजावरच थांबतो. बोलणाऱ्याने प्रामाणिक असावे हे खरेच; पण ऐकणाऱ्याने क्षीण आवाजासाठीही थोडे थांबावे. तसे झाले, तर पानाआड उभे राहण्याची गरजच कितीजणांना उरेल?